नाविक गुप्तवार्ता

शत्रूचे किंवा संभाव्य शत्रूचे आरमार, त्याच्या युद्धनौका व शस्त्रास्त्रे, बंदरे, सागरी मार्ग, नाविक सेनानी आणि त्यांचे बेत यांविषयीची माहिती मिळविणे, ती पारखून तिचा अन्वयार्थ लावणे आणि जो सेनानी तिचा उपयोग करू शकेल त्याच्या हाती ती वेळेवर पोहोचविणे, या कार्यास नाविक गुप्तवार्ता असे म्हणतात. नुसती माहिती म्हणजे गुप्तवार्ता नव्हे. अमुक बंदरातून तीन जहाजे बाहेर पडली, ही माहिती झाली. ती कोणत्या कामगिरीवर निघाली असावीत व उद्या सकाळी कोठे असतील, हा त्या माहितीवरून काढलेला निष्कर्ष म्हणजे गुप्तवार्ता होय.

भूदलाच्या गुप्तवार्तेहून हिचे स्वरूप काहीसे वेगळे आहे. जमिनीवर आघाडी असते, रस्ते व नद्या असतात, सैन्य गेल्याच्या खुणा मागे राहतात. समुद्रावर यांपैकी काहीच नसते. बंदर सोडल्यापासून दोन दिवसांत आरमार शेकडो मैलांच्या वर्तुळात कोठेही असू शकते. त्यामुळे ‘शत्रू कोठे आहे?’ या एकाच प्रश्नाभोवती नाविक गुप्तवार्तेचा बहुतेक इतिहास फिरत राहिलेला दिसतो. यांखेरीज समुद्राची खोली, भरती-ओहोटी, खडक, वारे, बंदरातील धक्के व दुरुस्तीच्या सोयी यांची माहितीही तिच्या कक्षेत येते. व्यापारी जहाजांचे कप्तान, वकिलातींतील नाविक अधिकारी, बंदरांतील दलाल, युद्धकैदी, वृत्तपत्रे, हवाई छायाचित्रे, बिनतारी संदेशांचे श्रवण व दिशाशोधन, पाण्याखालील ध्वनिग्राहक आणि अलीकडे कृत्रिम उपग्रह ही तिची साधने आहेत. यांपैकी गुप्तहेर हे साधन सर्वांत प्रसिद्ध असले, तरी सागरी युद्धात त्याचा वाटा लोकसमजुतीपेक्षा पुष्कळच लहान आहे.

पूर्वेतिहास : सॅलमिसच्या लढाईपूर्वी (इ. स. पू. ४८०) अथेन्सचा सेनानी थेमिस्टोक्लीझ याने आपला सेवक सिसिनस यास इराणी सम्राट क्सर्क्सीझकडे पाठवून ग्रीक आरमार पळून जाण्याच्या बेतात आहे, अशी हूल उठविली व इराणी जहाजांना अरुंद सामुद्रधुनीत ओढून आणले. स्पॅनिश आर्माडाची तयारी चालू असताना इंग्लंडचा मंत्री फ्रान्सिस वॉल्सिंगम याच्या हस्तकांनी तिच्या सामग्रीचे तपशील १५८७ मध्येच लंडनला पोहोचविले होते. परंतु शिडांच्या युगात खरी गुप्तवार्ता फ्रिगेट जातीच्या वेगवान जहाजांच्या डोलकाठीवरूनच मिळत असे. १७९८ मध्ये नेपोलियनच्या आरमाराचा पाठलाग करीत असता नेल्सनजवळ अशी जहाजे नव्हती. जूनच्या उत्तरार्धात एका रात्री दोन्ही आरमारे एकमेकांच्या अगदी जवळून गेली, तरी त्याला पत्ता लागला नाही. तो अलेक्झांड्रियास फ्रेंचांच्याही आधी पोहोचला, बंदर रिकामे पाहून परत फिरला आणि त्यानंतर एकदोन दिवसांतच फ्रेंच तेथे उतरले. १ ऑगस्ट रोजी नाईलच्या मुखाजवळ त्याने फ्रेंच आरमार नष्ट केले खरे. पण नेपोलियनचे सैन्य तोवर ईजिप्तमध्ये उतरून महिना झाला होता.

कोकण किनाऱ्यावरील विजयदुर्गाची (घेरिया) कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. आंग्र्यांचे हे ठाणे अजिंक्य असल्याचा समज मुंबईकर इंग्रजांत कित्येक वर्षे रुजलेला होता. पूर्वीच्या मोहिमा फसल्यामुळे तो दृढ झाला होता आणि प्रत्यक्ष पाहणी कोणीच केलेली नव्हती. १७५५ च्या एप्रिलमध्ये सुवर्णदुर्ग घेणारा कमोडोर विल्यम जेम्स याला त्याच वर्षाच्या डिसेंबरात विजयदुर्गाच्या टेहळणीसाठी धाडण्यात आले. त्याने किल्ल्याच्या अगदी जवळ जाऊन पाण्याची खोली मोजली व मोठ्या युद्धनौका तोफांच्या टप्प्यात आणता येतील आणि किल्ला वाटतो तितका दुर्भेद्य नाही, असा अहवाल दिला. १७५६ च्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांनी किल्ल्यावर हल्ला चढविला, त्यात तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळून खाक झाले व किल्ला पडला. मराठ्यांच्या सागरी सत्तेवरील या आघातास पेशव्यांनीच इंग्रजांशी केलेले सख्य मुख्यतः कारणीभूत झाले, हे खरे. तथापि डिसेंबरातील त्या मोजमापांवाचून इंग्रजांची मोठी जहाजे खाडीच्या मुखाशी आणण्याचे धाडस कोणी केले असते, असे वाटत नाही.

कायम स्वरूपाच्या संघटना : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेची एंजिने, चिलखती जहाजे, पाणतीर आणि पाणसुरुंग यांमुळे युद्धनौका दर दहा वर्षांत कालबाह्य होऊ लागल्या. परक्या आरमाराची माहिती युद्ध सुरू झाल्यावर गोळा करून चालणार नाही, ही जाणीव याच काळात झाली. अमेरिकेच्या नौसेनेने मार्च १८८२ मध्ये नाविक गुप्तवार्ता कार्यालय स्थापिले. आज अस्तित्वात असलेल्या अमेरिकी गुप्तवार्तासंघटनांत ते सर्वांत जुने आहे. ब्रिटिश ॲडमिरल्टीनेही त्याच वर्षी एक विदेशवार्ता समिती नेमली आणि १८८७ मध्ये तिचे रूपांतर नाविक गुप्तवार्ता विभागात केले. कॅप्टन विल्यम हेन्‍री हॉल हा त्याचा पहिला प्रमुख. त्याचाच पुत्र रेजिनल्ड हॉल पुढे पहिल्या महायुद्धात या विभागाचा सर्वांत प्रभावी संचालक ठरला.

पहिले महायुद्ध : ५ ऑगस्ट १९१४ रोजी, म्हणजे युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे, एका ब्रिटिश तारजहाजाने जर्मनीच्या समुद्राखालील तारा तोडल्या. परदेशांशी संपर्क ठेवण्यासाठी जर्मनीला आता बिनतारी संदेश किंवा परक्यांच्या तारा यांवर विसंबणे भाग पडले आणि हे दोन्ही मार्ग ब्रिटिशांना ऐकण्यासारखे होते. ऐकू येणे व समजणे यांतील अंतर पुढील चार महिन्यांत तीन योगायोगांनी भरून काढले. ऑस्ट्रेलियात मेलबर्नजवळ ताब्यात घेतलेल्या ‘होबार्ट’ या जर्मन व्यापारी जहाजावर एक संकेतपुस्तिका सापडली. २६ ऑगस्ट रोजी ‘माग्डेबुर्ख’ हे क्रूझर फिनलंडच्या आखातात खडकावर चढून रशियनांच्या हाती लागले. त्यांनी त्यावरील मुख्य संकेतपुस्तिकेची एक प्रत ऑक्टोबरात लंडनला आणून दिली. मित्राला दिलेल्या इतक्या मोलाच्या भेटी युद्धाच्या इतिहासात विरळाच. तिसरी पुस्तिका नोव्हेंबरअखेर मासेमारीच्या एका ब्रिटिश नौकेच्या जाळ्यात, शिसे लावलेल्या पेटीतून वर आली.

ॲडमिरल्टीच्या जुन्या इमारतीतील ‘४० क्रमांकाची खोली’ या नावाने प्रसिद्धी पावलेल्या संकेतभेदन शाखेचा पाया असा घातला गेला. नाविक शिक्षणाचा संचालक सर आल्फ्रेड यूइंग याने तिच्यासाठी भाषापंडित, प्राध्यापक व शाळाशिक्षक गोळा केले. जानेवारी १९१५ मध्ये डॉगर बँकजवळ जर्मन क्रूझरांना गाठून ‘ब्ल्यूखर’ ही नौका बुडविता आली, ती या शाखेने आगाऊ दिलेल्या सूचनेमुळेच. मात्र या विद्वानांना केवळ भाषांतरकार मानले जाई. संदेश उलगडून वर पाठवायचा एवढेच त्यांचे काम. त्याचा अर्थ नाविक अधिकारी लावतील, अशी ॲडमिरल्टीची शिस्त होती. अतिगुप्ततेच्या हट्टामुळे उलगडलेले संदेश पाहण्याची मुभा असणारे अधिकारीही मोजकेच होते.

या शिस्तीची किंमत जटलंडच्या लढाईत (३१ मे १९१६) चुकवावी लागली. कारवाई विभागाचा संचालक कॅप्टन टॉमस जॅक्सन याने ४० क्रमांकाच्या खोलीत येऊन एवढेच विचारले, की जर्मन सरसेनापतीचे ‘डी के’ हे बोधचिन्ह कोठून ऐकू येते? यादे नदीच्या मुखातून, म्हणजे बंदरातून, असे अचूक उत्तर त्याला मिळाले. शेअर हा जर्मन ॲडमिरल समुद्रावर निघताना ते बोधचिन्ह किनाऱ्यावरील केंद्राकडे सोपवून स्वतः दुसरे वापरतो, हे त्या खोलीतील सर्वांना ठाऊक होते. पण त्यांना तो प्रश्न कोणी विचारलाच नाही. ॲडमिरल जेलिको यास दुपारी साडेबाराच्या सुमारास संदेश गेला, की शत्रूची प्रमुख नौका अजून बंदरातच आहे. त्यानंतर चार-पाच तासांतच त्याच्या आघाडीच्या नौकांसमोर संपूर्ण जर्मन आरमार उभे राहिले. साहजिकच त्या रात्री जर्मन आरमाराच्या परतीच्या मार्गाविषयी ॲडमिरल्टीने जी खरी माहिती कळविली, तिच्यावर जेलिकोचा विश्वास बसला नाही. आणि हॉर्न्स रीफ येथे पहाटे वायुनौकांची टेहळणी मागणारा जर्मन संदेश, ज्यावरून शंका फिटली असती, तो त्याला पाठविण्यातच आला नाही. शेअर निसटला. या लढाईत ब्रिटिशांच्या १४ नौका व ६,०९४ माणसे, तर जर्मनांच्या ११ नौका व २,५५१ माणसे कामी आली. शत्रूचे अक्षरन्‌अक्षर वाचता येत असताना संधी दवडल्याचे याहून ठळक उदाहरण नाही.

याच खोलीत पुढे जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमन याची १६ जानेवारी १९१७ ची तार उलगडण्यात आली. अमेरिका युद्धात उतरल्यास मेक्सिकोने जर्मनीशी हातमिळवणी करावी व त्याबदल्यात टेक्सस, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना हे प्रदेश परत मिळवावेत, असा तीत प्रस्ताव होता. आपण अमेरिकेच्याही तारा वाचतो, हे हॉलला उघड होऊ द्यायचे नव्हते. म्हणून त्याने मेक्सिको शहराच्या तारकचेरीतून त्या तारेची दुसरी प्रत मिळवून तीच अमेरिकेपुढे ठेवली. १ मार्च रोजी ती वृत्तपत्रांतून झळकली व ६ एप्रिल रोजी अमेरिकेने युद्ध पुकारले.

हिंदी महासागरात मात्र ब्रिटिश गुप्तवार्तेची स्थिती १९१४ मध्ये दयनीय होती. ‘एमडन’ या एकट्या जर्मन क्रूझरने बंगालच्या उपसागरात धुमाकूळ घातला व २२ सप्टेंबरच्या रात्री मद्रासच्या तेलटाक्या पेटवून दिल्या. अखेर ९ नोव्हेंबर रोजी कोकोस बेटांवरील तारकेंद्राने ‘अनोळखी जहाज येत आहे’ असा संदेश वेळीच पाठविल्यामुळे ‘सिडनी’ ही ऑस्ट्रेलियन नौका तेथे पोहोचली आणि ‘एमडन’चा शेवट झाला. तमिळ भाषेत धाडसी व बिलंदर माणसाला ‘एमडन’ म्हणण्याचा प्रघात त्यानंतर पडला.

दोन महायुद्धांमधील काळात मोठ्या संघटना खुंटल्या, पण संकेतभेदन थांबले नाही. वॉशिंग्टन येथील नाविक शस्त्रकपात परिषदेत (१९२१–२२) जपानी शिष्टमंडळाच्या तारा अमेरिकी संकेतभेदक वाचत होते. जपान शेवटी दहास सहा या प्रमाणावर तडजोड करील, हे आधीच समजल्यामुळे अमेरिकेने आपला आग्रह सोडला नाही. दुसरीकडे विजेत्यांनी आपल्या आठवणी व युद्धेतिहास प्रसिद्ध करून ४० क्रमांकाच्या खोलीचे रहस्य स्वतःच फोडले. जर्मन नौसेनेने त्यावरून बोध घेतला व १९२६ पासून एनिग्मा हे यंत्र स्वीकारले.

दुसरे महायुद्ध : जटलंडचा धडा ध्यानात घेऊन १९३७ मध्ये ब्रिटिश ॲडमिरल्टीत एक कारवाई-गुप्तवार्ता केंद्र स्थापन झाले. सर्व साधनांनी आलेली माहिती तेथे एकाच नकाशावर मांडली जाई व केंद्रातील अधिकारी आपले मत सरळ समुद्रावरील सेनानींना कळवू शकत. रिअर ॲडमिरल जॉन गॉडफ्री (कार. १९३९–४२) हा या विभागाचा संचालक होता. बुद्धिमान, कामसू आणि तापट अशा या अधिकाऱ्याने वकील, दलाल, वार्ताहर व प्राध्यापक यांची विभागात भरती केली. त्याचा स्वीय साहाय्यक इअन फ्लेमिंग पुढे जेम्स बाँड या पात्राचा जनक म्हणून विख्यात झाला, हा योगायोग या विभागाच्या कीर्तीस उपकारक आणि त्याच्याविषयीच्या यथार्थ आकलनास मारक ठरला आहे. विभागाचे खरे काम अधिक निरस होते. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील विद्वानांकडून त्याने निरनिराळ्या देशांचे भौगोलिक ग्रंथ ५८ खंडांत तयार करून घेतले आणि यूरोपच्या किनाऱ्यांवर सुटीत काढलेली छायाचित्रे व चित्रपत्रे पाठविण्याचे आवाहन जनतेस केल्यावर लाखो चित्रे गोळा झाली. नॉर्मंडीच्या वाळूतील उतार मोजताना ती उपयोगी पडली.

अटलांटिकवरील संघर्षाचे भवितव्य मुख्यतः जर्मन पाणबुड्यांच्या संदेशांवर अवलंबून होते. ९ मे १९४१ रोजी ‘यू–११०’ ही पाणबुडी बुडण्यापूर्वी तिच्यातून एनिग्मा यंत्र व कागदपत्रे काढून घेण्यात आली. हवामाननिरीक्षण करणाऱ्या जर्मन जहाजांवरूनही मासिक कळसूची हस्तगत करण्यात आल्या. त्या उन्हाळ्यापासून ब्लेचली पार्क येथील संकेतभेदक नाविक संदेश थोड्या विलंबाने वाचू लागले व जहाजांचे तांडे पाणबुड्यांच्या कळपांना चुकवून नेता येऊ लागले. १ फेब्रुवारी १९४२ रोजी जर्मन पाणबुड्यांनी चार चकत्यांचे नवे यंत्र वापरात आणताच हा झरा आटला व सुमारे दहा महिने आटलेलाच राहिला. या काळात पाणबुडीशोध-कक्षाचा प्रमुख रॉजर विन हा केवळ दिशाशोधन, बुडालेल्या जहाजांची स्थाने आणि जर्मन सेनानींच्या सवयी यांवरून अंदाज बांधीत असे. विन हा व्यवसायाने बॅरिस्टर. बालपणीच्या पोलिओने पाठ व पाय अधू झालेला. नियमाप्रमाणे नौसेनेत त्याला जागाच नव्हती. ३० ऑक्टोबर १९४२ रोजी भूमध्य समुद्रात बुडत असलेल्या ‘यू–५५९’ मध्ये शिरून लेफ्टनंट फॅसन व खलाशी ग्रेझिअर यांनी नव्या पुस्तिका वर दिल्या आणि दोघेही त्या पाणबुडीबरोबर तळाशी गेले. त्या पुस्तिकांच्या आधारे डिसेंबरात पुन्हा संदेश उलगडू लागले.

हा सामना एकतर्फी नव्हता, याचा पुष्कळदा विसर पडतो. जर्मन नौसेनेची संकेतभेदन शाखाही ब्रिटिश तांड्यांचे संदेश दीर्घकाळ वाचत होती. मार्च १९४३ मध्ये दोन तांड्यांवर एकाच वेळी झालेल्या हल्ल्यात २२ जहाजे बुडाली, त्यामागे हीच माहिती होती. जून १९४३ मध्ये ब्रिटिशांनी आपली गूढलिपी बदलली, तेव्हा ही गळती थांबली. तोवर, मे महिन्यात ४१ पाणबुड्या गमावून जर्मनांना उत्तर अटलांटिकमधून माघार घ्यावी लागली होती. या विजयात लांब पल्ल्याची विमाने व रडार यांचाही मोठा वाटा आहे. सर्व श्रेय संकेतभेदनास देण्याची अलीकडची प्रवृत्ती अतिशयोक्त वाटते.

माहितीचा अभाव हीसुद्धा माहिती असते, हे तत्त्व नाविक गुप्तवार्तेत फार महत्त्वाचे आहे आणि ते वरिष्ठांस पटवून देणे फार कठीण. रशियाकडे मदत घेऊन निघालेल्या ‘पीक्यू–१७’ या तांड्याच्या बाबतीत ४ जुलै १९४२ च्या सायंकाळी हाच प्रसंग आला. ‘टिर्पिट्स’ ही महायुद्धनौका नॉर्वेतील फ्योर्डमधून निघाली असावी, अशी भीती प्रथम सागराधिपती सर डडली पाउंड यास वाटत होती. ती निघाली असती, तर आपल्याच पाणबुड्यांना तिच्यापासून सावध करणारे जर्मन संदेश ऐकू आले असते. ते आले नव्हते, आणि किनाऱ्याबाहेर दबा धरून असलेल्या ब्रिटिश पाणबुड्यांनाही काही दिसले नव्हते. यावरून ती अद्याप आतच आहे, असे केंद्रातील अधिकारी नॉर्मन डेनिंग याचे ठाम मत होते. पण तशी हमी देता येईल काय, या प्रश्नाला त्याला ‘होय’ म्हणता आले नाही. पाउंडने तांड्यास पांगण्याचा आदेश दिला, संरक्षक नौका दूर गेल्या व एकेकट्या पडलेल्या व्यापारी जहाजांवर विमाने आणि पाणबुड्या तुटून पडल्या. तांड्यातील २४ जहाजे बुडाली. ‘टिर्पिट्स’ दुसऱ्या दिवशी बाहेर पडली व काहीही न करता काही तासांतच माघारी फिरली.

पॅसिफिक महासागरात जपानने पर्ल हार्बरवरील हल्ल्यापूर्वी (७ डिसेंबर १९४१) होनोलूलूतील आपल्या दूतकचेरीत ताकेओ योशिकावा या नाविक अधिकाऱ्यास खोट्या नावाने ठेवले होते. टेकड्यांवरून व उपाहारगृहांतून बंदर न्याहाळून तो जहाजांच्या जागा कळवी. यात बेकायदा असे जवळजवळ काहीच नव्हते. हल्ला करणाऱ्या ताफ्याने मात्र बिनतारी मौन पाळले होते. हल्ल्यापूर्वी पाच दिवस अमेरिकी गुप्तवार्ता अधिकारी एडविन लेटन याने जपानी विमानवाहू नौका कोठे आहेत हे आपणास ठाऊक नसल्याचे ॲडमिरल किमेल यास प्रामाणिकपणे सांगितले होते. सहा महिन्यांनंतर हाच लेटन आणि हवाई येथील संकेतभेदन केंद्राचा प्रमुख जोसेफ रोशफोर्ट यांनी पारडे फिरविले. जपानी संदेशांतील ‘एएफ’ हे लक्ष्य म्हणजे मिडवे बेट, असा रोशफोर्टचा तर्क होता. वॉशिंग्टनमधील वरिष्ठांस तो मान्य नव्हता. तेव्हा मिडवेवरील गोड्या पाण्याचे यंत्र बिघडल्याचा खोटा संदेश उघड भाषेत पाठविण्यात आला आणि ‘एएफ’वर पाण्याची टंचाई असल्याचे जपानी संदेशात लगेच आढळून आले. जून १९४२ च्या या लढाईत जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या. रोशफोर्टला त्याच वर्षी हवाईतून हलविण्यात येऊन पुढे एका तरत्या गोदीवर नेमण्यात आले. सन्मानपदक त्याला १९८६ मध्ये, मृत्यूनंतर दहा वर्षांनी मिळाले.

भारताच्या आसपासच्या घटना : एप्रिल १९४२ मध्ये जपानी ताफा हिंदी महासागरात शिरला. तो १ एप्रिलच्या सुमारास श्रीलंकेवर हल्ला करील, असा इशारा संकेतभेदकांनी ॲडमिरल सॉमरव्हिल यास दिला. तीन दिवस वाट पाहून तो इंधन-पाण्यासाठी मालदीवमधील अड्डू प्रवाळद्वीपाकडे वळला. वार्ता खरी होती, फक्त दिनांक चुकला होता. ४ एप्रिल रोजी कॅनडाचा वैमानिक लेनर्ड बर्चल याने जपानी ताफा पाहिला व विमान पाडले जाण्यापूर्वी तसा संदेश पाठविला. त्यामुळे कोलंबो बंदर बरेचसे रिकामे करता आले; तथापि ‘कॉर्नवॉल’, ‘डॉर्सेटशर’ व ‘हर्मीझ’ या नौका बुडाल्या आणि ६ एप्रिल रोजी विशाखापटनम्‌वरही बाँब पडले.

गोवा त्या वेळी तटस्थ पोर्तुगालच्या ताब्यात होता. मुरगाव बंदरात युद्धारंभापासून आश्रयास असलेल्या ‘एहरेनफेल्स’ या जर्मन जहाजावरील गुप्त प्रक्षेपकाद्वारे पाणबुड्यांना जहाजांची वार्ता पुरविली जाते, असा ब्रिटिशांचा कयास होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी पथकातील मध्यमवयीन व्यापारी मंडळींनी एका पडावातून येऊन या जहाजावर छापा घातला. जर्मनांनी आपली जहाजे स्वतःच पेटवून बुडविली. तटस्थतेचा भंग झाल्यामुळे ही गोष्ट १९७८ पर्यंत दडून राहिली. पाणबुड्यांच्या यशाशी त्या प्रक्षेपकाचा संबंध कितपत होता, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

गॉडफ्रीला १९४३ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीचा प्रमुख म्हणून भारतात पाठविण्यात आले. जर्मन आरमाराच्या हालचालींचा वेध घेणाऱ्या या सेनानीस स्वतःच्या खलाशांच्या मनाचा थांग लागला नाही. १ डिसेंबर १९४५ रोजी, नौसेनादिनाच्या समारंभापूर्वी, मुंबईतील ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण केंद्राच्या भिंतींवर ‘चले जाव’च्या घोषणा उमटल्या होत्या. फेब्रुवारीत पुन्हा तसेच घडले व बी. सी. दत्त या खलाशास अटक झाली. निकृष्ट अन्न, वेतनातील तफावत आणि अधिकाऱ्यांची शिवीगाळ यांविषयीच्या तक्रारी नोंदलेल्या होत्या. त्यांचा एकत्रित अर्थ लावण्याची गरज कोणास भासली नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’वरील खलाशांनी अन्न नाकारून बंड पुकारले. ते स्वतःच संदेशवाहक असल्याने बंडाची वार्ता नौसेनेच्याच बिनतारी यंत्रांवरून कराची, कलकत्ता, मद्रास येथे काही तासांत पोहोचली. सु. ७८ नौका, २० किनारी ठाणी व २०,००० खलाशी त्यात सामील झाले. २१ रोजी गॉडफ्रीने नभोवाणीवरून, प्रसंगी सारे आरमार नष्ट झाले तरी बेहत्तर, अशी धमकी दिली. २३ फेब्रुवारीस खलाशांनी शरणागती पत्करली. दरम्यान मुंबईच्या रस्त्यांवरील गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मृत्यू पावले होते.

शीतयुद्धाचा काळ : युद्धोत्तर काळात ब्रिटिशांचा स्वतंत्र विभाग १९६० नंतरच्या दशकात संरक्षण मंत्रालयाच्या एकत्रित गुप्तवार्तासंघटनेत विलीन झाला. अमेरिकेने समुद्रतळाशी ध्वनिग्राहकांच्या साखळ्या टाकून सोव्हिएट पाणबुड्यांचा माग ठेवला. सोव्हिएट संघाने अणुशक्तीवर चालणारे रडार उपग्रह अंतराळात सोडले व त्यांपैकी एक जानेवारी १९७८ मध्ये कॅनडावर कोसळला. जानेवारी १९६८ मध्ये ‘प्वेब्लो’ हे अमेरिकी वार्तासंकलक जहाज गूढलेखन यंत्रांसह उत्तर कोरियाच्या हाती पडले. जॉन वॉकर हा अमेरिकी नौसेनेतील अधिकारी साधारण त्याच सुमारास सोव्हिएट वकिलातीत कळसूची विकू लागला होता. १९८५ मध्ये पकडला जाईपर्यंत त्याच्या टोळीने लक्षावधी संदेशांची किल्ली शत्रूस दिली. त्याचा हेतू निव्वळ पैशाचा होता.

भारतीय नौसेना : स्वातंत्र्यानंतर नवी दिल्ली येथील नौसेना मुख्यालयात नाविक गुप्तवार्ता संचालनालय विकसित झाले. १९७१ च्या युद्धात त्याची कसोटी लागली. पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’ ही ‘विक्रांत’च्या मागावर बंगालच्या उपसागरात आल्याचा सुगावा संदेशश्रवणातून लागला, विशेषतः पाणबुड्यांना लागणाऱ्या वंगणतेलाविषयी चितगाँगला गेलेल्या विचारणेवरून व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी हा निष्कर्ष काढला. ‘विक्रांत’ दूर अंदमानकडे धाडून ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेकडून ती विशाखापटनम्‌जवळच असल्याचा आभास निर्माण करण्यात आला. ३–४ डिसेंबरच्या रात्री ‘गाझी’ त्या बंदराबाहेर सर्व खलाशांसह बुडाली. ती ‘राजपूत’च्या स्फोटकांनी बुडाली, की स्वतःच्याच सुरुंगामुळे, याबद्दल उभय देशांत मतभेद आहेत. ४ डिसेंबरच्या रात्री क्षेपणास्त्रनौकांनी कराचीवर हल्ला करून ‘खैबर’ व ‘मुहाफिझ’ या नौका बुडविल्या. त्यानंतर पाकिस्तानात एवढा गोंधळ माजला, की ६ डिसेंबर रोजी त्यांच्या विमानांनी ‘झुल्फिकार’ या स्वतःच्याच नौकेवर गोळीबार केला.

याच युद्धातील ‘खुकरी’ची शोकांतिका दिशाशोधनाच्या मर्यादा दाखविते. पाकिस्तानी पाणबुडी ‘हँगोर’ हिचे संदेश भारतीय केंद्रांनी टिपले व तिचा वावर काठेवाडच्या किनाऱ्याबाहेर असल्याचे निश्चित केले. तिच्या शोधासाठी ‘खुकरी’ व ‘किरपाण’ यांना पाठविण्यात आले. क्षेत्र बरोबर होते; पण त्या क्षेत्रात पाणबुडीची श्रवणक्षमता फ्रिगेटींपेक्षा सरस होती. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाणतीर लागून ‘खुकरी’ काही मिनिटांत बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी व १७६ खलाशी मृत्यू पावले.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा दहशतवादी ‘कुबेर’ ही मच्छीमार नौका बळकावून मुंबईजवळ आले व रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीत उतरले. त्यांच्या हल्ल्यात १६६ जण ठार झाले. समुद्रमार्गे हल्ल्याच्या सूचना निरनिराळ्या यंत्रणांकडे त्यापूर्वी आलेल्या होत्या. परंतु नौसेना, तटरक्षक दल, सागरी पोलीस, सीमाशुल्क व मत्स्यव्यवसाय खाते यांच्या नोंदी एकत्र येण्याची जागाच नव्हती. फेब्रुवारी २००९ मध्ये किनारी संरक्षणासह एकूण सागरी सुरक्षेची जबाबदारी नौसेनेवर सोपविण्यात आली. किनाऱ्यावर रडारांची साखळी उभारण्यात आली, मच्छीमारांना ओळखपत्रे देण्यात आली आणि २०१४ मध्ये गुरुग्राम येथे माहिती व्यवस्थापन व विश्लेषण केंद्र सुरू झाले. २०१८ मध्ये त्यास हिंदी महासागर क्षेत्रातील मित्रराष्ट्रांशी जोडणारे माहितीकेंद्र जोडण्यात आले. मोठ्या व्यापारी जहाजांवर स्वतःची ओळख व स्थान सतत प्रक्षेपित करणारी यंत्रे सक्तीची असल्याने ती पडद्यावर दिसतात. लहान मच्छीमार होड्यांच्या बाबतीत अशी सोय सर्वत्र नाही व लाकडी होडी रडारवर नीट उमटतही नाही. त्यामुळे पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर परक्या होडीची पहिली वार्ता आजही बहुधा मासेमारीस गेलेल्या कोळी, भंडारी वा गाबित तांडेलाकडूनच येऊ शकते. ती पोहोचविण्यासाठी कोळीवाड्यांतून सागर रक्षक दले उभारण्यात आली आहेत.